गाण्यातील 'मी' आणि गाणाऱ्याचे नाव : दृश्यगीताच्या संकेतांचा एक इतिहास

म्युझिक व्हिडिओ ह्या प्रकाराविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले गेले आहे ते बहुधा अभिरुचीच्या अंगाने लिहिलेले आहे. तो चांगला की वाईट, त्याने तरुण पिढी बिघडली की नाही, ह्या प्रश्नांपाशी ती चर्चा येऊन थांबते. प्रस्तुत लेखात तो मार्ग सोडून एका भाषाशास्त्रीय प्रश्नाच्या आधारे ह्या प्रकाराच्या संकेतांकडे पाहावयाचे योजिले आहे. प्रश्न साधा आहे. गाण्यात 'मी' हा शब्द येतो तेव्हा तो 'मी' कोण? ज्याचे ओठ पडद्यावर हलतात तो, ज्याचा आवाज कानी पडतो तो, की ज्याने शब्द रचिले तो? तीन-चार मिनिटांच्या ह्या बोलक्या चित्रप्रकारास येथे सोयीसाठी 'दृश्यगीत' म्हटले आहे. चित्रपटात घडलेले गीत आणि चित्रपटाबाहेर स्वतंत्रपणे घडविलेले गीत असे दोन्ही प्रकार ह्या शब्दात अंतर्भूत आहेत; त्यांची फारकत आपल्या देशात पाश्चात्त्यांइतकी स्पष्ट कधीच नव्हती.

'मी', 'तू', 'येथे', 'आता' ह्या शब्दांस स्वतःचा स्थिर अर्थ नसतो. बोलणारा बदलला की त्यांचा अर्थ बदलतो. येस्पर्सन ह्यांनी १९२२ साली अशा शब्दांस 'शिफ्टर' हे नाव दिले आणि रोमान याकोबसन ह्यांनी १९५७ साली त्या कल्पनेची सविस्तर मांडणी केली. पुढे १९७९ साली अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी दाखवून दिले की 'बोलणारा' ही देखील एकसंध वस्तू नव्हे. ज्याच्या मुखातून ध्वनी निघतो तो उच्चारक, ज्याने शब्दयोजना केली तो रचयिता, आणि बोललेल्या गोष्टीची बांधिलकी ज्याच्यावर पडते तो प्रधान. मंत्र्याचे भाषण सचिवाने लिहावे आणि निवेदकाने वाचून दाखवावे, तसे हे आहे. दृश्यगीतात ह्या तिघांत आणखी एकाची भर पडते : जो केवळ दिसतो. ध्वनी त्याचा नसतो, शब्द त्याचे नसतात, परंतु 'मी' म्हटले की प्रेक्षकाचे बोट त्याच्याकडे वळते.

मराठीच्या अभ्यासकास हा प्रश्न इंग्रजीच्या अभ्यासकापेक्षा अधिक जवळून जाणवावा, ह्याचे कारण आपल्या व्याकरणात आहे. इंग्रजी गाण्यातील 'मी' स्त्री की पुरुष हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' ह्यांपैकी एक निवडल्यावाचून गाण्याचे पहिले पाऊलच पडत नाही; हिंदीतही तीच गत आहे. म्हणून आपल्याकडे कोणाचा आवाज कोणाच्या चेहऱ्यास द्यावयाचा हा प्रश्न तंत्राचा होण्यापूर्वी व्याकरणाचा होता, आणि तो आपण चित्रपटाच्या फार पूर्वीच सोडविला होता. ज्ञानदेवांच्या विरहिणींत पुरुष कवी स्त्रीलिंगी क्रियापदाने बोलतो. एकनाथांच्या भारुडांत सासुरवाशीण बोलते, जोशी बोलतो, महार बोलतो. लावणीचे शाहीर पुरुष आणि लावणीतील 'मी' पुष्कळदा स्त्री. ह्यात कोणास फसवणूक वाटली नाही. का वाटली नाही, ह्याचे उत्तर 'आपली परंपराच तशी' एवढ्यावर बहुतेक जण आटोपतात. मला ते उत्तर अपुरे वाटते. भारुड ज्याच्या तोंडी आहे तो कोणीही असो, शेवटच्या चरणात 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा येते आणि रचयिता आपले नाव सांगून मोकळा होतो. संपूर्ण पदात 'मी' उसना असला तरी पदाच्या अखेरीस हिशेब चुकता केलेला असतो. फसवणूक न वाटण्याचे खरे कारण ह्या मुद्रेत आहे असे मी मानतो, आणि पुढील सर्व विवेचन त्या गृहीतावर उभे आहे.

संगीत रंगभूमीवर मुद्रेची ही सोय नव्हती. तेथे तिची जागा 'वन्स मोअर'ने घेतली. 'मानापमाना'तील भामिनी (१९११), 'स्वयंवरा'तील रुक्मिणी (१९१६) आणि 'एकच प्याला'तील सिंधू (१९१९) ह्या भूमिका नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व ह्यांनी केल्या. रुक्मिणी गात असता पदातील 'मी' रुक्मिणीचा असे. प्रेक्षागृहातून 'वन्स मोअर' आला की कथानक थबके, तेच पद पुन्हा सुरू होई, आणि ह्या दुसऱ्या वेळी गाणारी रुक्मिणी नसून नारायणराव असत. हे प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक असे. कथा अडते म्हणून ह्या प्रथेची टीकाकारांनी पुष्कळ निर्भर्त्सना केली. टीका योग्यच होती. तथापि, त्या थबकलेल्या क्षणी पात्राकडून गायकाकडे 'मी'चे जे हस्तांतर होई त्याकडे दुर्लक्ष झाले. पुढे १९३५ साली प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' चित्रपटात बालगंधर्वांनी एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. पडद्यास 'वन्स मोअर' देता येत नाही ही गोष्ट त्यांच्या रसिकांस कशी वाटली असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी.

मुद्रेचा दुसरा अवतार ध्वनिमुद्रिकेवर आढळतो. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग ह्यांनी कलकत्त्यास गौहर जान ह्यांचे गायन मुद्रित केले. त्या काळच्या पुष्कळ मुद्रिकांच्या अखेरीस गायिका आपले नाव मोठ्याने उच्चारते. ह्यामागे व्यावहारिक कारण होते : मूळ ठसे जर्मनीत हॅनोव्हर येथे जात आणि तेथील कारागिरांस कोणते गाणे कोणाचे हे कळावयास दुसरा मार्ग नव्हता. कारखान्याच्या सोयीसाठी केलेली ही घोषणा संतांच्या नाममुद्रेच्या नेमक्या जागी, गाण्याच्या शेवटी, जाऊन बसली. फरक एवढाच की येथे नाव रचयित्याचे नसून उच्चारकाचे आहे. पुढे छापील कागदी चकती आली व नाव ध्वनीतून कागदावर गेले.

बोलपट आला तो 'आलम आरा'च्या रूपाने, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात. त्यात सात गाणी होती. आरंभीची काही वर्षे नट स्वतःच, कॅमेऱ्यासमोर आणि त्याच क्षणी गात. वादक मंडळी चौकटीबाहेर दडून बसत. 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे ह्यांनी केली आणि संगीतही त्यांनीच दिले. उच्चारक, संगीतकार आणि दिसणारा हे तिघे एका देहात होते. ही एकता १९३५ नंतर सुटत गेली. त्या वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस ह्यांच्या दिग्दर्शनाखाली 'भाग्यचक्र' हा बंगाली चित्रपट व त्याचे 'धूप छाँव' हे हिंदी रूप काढले, आणि गाणे आधी मुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवावयाचे ही पद्धत त्यापासून रूढ झाली असे सामान्यतः मानतात.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. 'प्लेबॅक' ह्या शब्दाचा अर्थ मुद्रित केलेले पुन्हा वाजविणे, असा आहे. त्यात काळाचा निर्देश आहे, स्थळाचा नाही. आपण त्यासाठी 'पार्श्वगायन' हा शब्द घडविला. पार्श्व म्हणजे बाजू, कूस. आणि 'पार्श्वभूमी'च्या सान्निध्याने त्यास मागील बाजूचाही अर्थ चिकटला. त्यामुळे जो गायक वस्तुतः आधी गातो तो भाषेत मागे गाणारा झाला. पडद्याआड उभी असलेली एक मूर्ती आपल्या मनश्चक्षूंपुढे येते ती ह्या भाषांतराने निर्माण केलेली आहे. भाषांतर चुकले, पण फलद्रूप झाले. कारण मागे कोणी उभे आहे म्हटले की ते कोण, हे विचारावेसे वाटते.

ते विचारले गेले १९४९ साली. कमाल अमरोही ह्यांच्या 'महल' चित्रपटात एक आवाज ऐकू येतो आणि नायक त्या आवाजाच्या मागे वाड्यातून हिंडतो. आवाज लता मंगेशकर ह्यांचा, चेहरा मधुबालाचा, संगीत खेमचंद प्रकाश ह्यांचे. आरंभीच्या ओळी दुरून जवळ आल्यासारख्या वाटाव्यात म्हणून लताबाई ध्वनिग्राहकाकडे हळूहळू चालत गेल्या, असे सांगतात. ज्याचा उगम दिसत नाही अशा आवाजाचे सामर्थ्य मिशेल शियाँ ह्यांनी १९८२ सालच्या आपल्या ग्रंथात विशद केले आहे. 'महल'मधील हे गीत त्यांच्या विवेचनास उत्कृष्ट उदाहरण ठरले असते. परंतु लक्षणीय गोष्ट पडद्याबाहेर घडली. त्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव! म्हणजे गाण्यातील 'मी' पात्राचा, आणि चकतीवरील नावही पात्राचे, मुद्रा खोटी. नायकाप्रमाणे श्रोतेही त्या आवाजाच्या शोधास लागले, रेडिओ केंद्राकडे विचारणा झाली, आणि अखेर खरे नाव जाहीर झाले असे सांगतात. 'महल' ह्या संदर्भात पहिला वा एकमेव होता असे नव्हे. तथापि, त्यानंतर गायकाचे नाव लपविण्याची प्रथा टिकली नाही. १९५९ साली फिल्मफेअरने पार्श्वगायनासाठी पारितोषिक सुरू केले आणि 'मधुमती'तील गीतासाठी ते लताबाईंस मिळाले.

आता पाश्चात्त्यांकडे वळू. दृश्यगीताचा तिकडील पूर्वज म्हणून 'पॅनोरम' यंत्राचा उल्लेख करावा लागतो. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने १९४० साली हे यंत्र काढले. उपाहारगृहात ठेवलेल्या ह्या कपाटात दहा सेंटांचे नाणे टाकले की एक गीतपट दिसे. आठ गीतपट एका सलग फितीत जोडलेले असत, त्यामुळे पुढले जे असेल तेच पाहणे भाग पडे; निवड करता येत नसे. आतील प्रतिमा आरशांवरून परावर्तित होऊन पडद्यावर पडे म्हणून हे गीतपट मुळातच उलटे, आरशातल्यासारखे, छापीत. गाणे येथेही आधीच मुद्रित केलेले असे. फ्रान्समधील 'स्कोपितोन' (१९६०) ह्या यंत्रात रंग आला आणि छत्तीस गीतांतून निवडीची सोय आली. ही दोन्ही यंत्रे बाजारातून गेली, पण एक संकेत मागे ठेवून गेली : गाणारा समोर पाहून गातो.

हा संकेत वाटतो तितका स्वाभाविक नाही. हिंदी चित्रपटात गीत गाणारे पात्र बहुधा दुसऱ्या पात्राकडे, झाडाकडे किंवा आकाशाकडे पाहते; 'तू' हा कथेतील कोणी असतो आणि प्रेक्षक आडून ऐकणारा. पाश्चात्त्य दृश्यगीतात गायक भिंगात पाहतो आणि 'तू' प्रेक्षक होतो. एकाच ओठहालणीतून दोन वेगळी सर्वनामव्यवस्था उभी राहते. अॅन्ड्र्यू गुडविन ह्यांनी १९९२ सालच्या ग्रंथात नेमका हा मुद्दा मांडला आहे. त्यांच्यापूर्वी ई. अॅन कॅप्लन ह्यांनी १९८७ साली चित्रपटमीमांसेची साधने वापरून दृश्यगीतातील तुटक प्रतिमा आणि सुसंगत कथेचा अभाव हे उत्तर-आधुनिकतेचे लक्षण मानले होते. गुडविन ह्यांचा आक्षेप असा की मूक चित्रपट पाहावा तसे दृश्यगीत पाहिल्याने हा भ्रम होतो. कथेत दिसणारा खंड संगीताच्या ध्रुपदाने आणि गायकाच्या प्रतिमेने आधीच सांधलेला असतो. गुडविन ह्यांचे मत मला अधिक ग्राह्य वाटते. कडवे बदलताच वेश आणि स्थळ बदलणे ह्यात आपल्या प्रेक्षकास उत्तर-आधुनिक असे काही दिसले नसते. तो हे दोन पिढ्या पाहत आला होता.

ब्रिटनमध्ये ओठहालणीचा प्रश्न कामगार संघटनेच्या दारी गेला. बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ रोजी सुरू झाला तेव्हा गायक वाजणाऱ्या मुद्रिकेबरोबर नुसते ओठ हलवीत. वादक संघटनेने त्यास हरकत घेतली आणि १९६६ साली ती पद्धत बंद पडली. त्याच वर्षी बीटल्स मंडळींनी प्रत्येक वाहिनीवर जातीने जाण्याऐवजी मायकेल लिंडसे-हॉग ह्यांजकडून आपल्या गीतांचे चित्रपट करविले. आणि १९६७ च्या आरंभी पीटर गोल्डमन ह्यांनी त्यांच्यावर केलेल्या एका गीतपटात ओठ हलविण्याचा संकेतच टाकून दिला. १९७५ साली क्वीन ह्या वृंदाचे सुप्रसिद्ध दृश्यगीत ब्रूस गॉवर्स ह्यांनी सुमारे चार तासांत चित्रित केले. अनेक स्वरपदर एकावर एक चढवून केलेले ते गीत प्रत्यक्ष गाऊन दाखविणे अशक्यप्रायच होते. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही वाहिनी सुरू झाली ती बगल्स ह्या वृंदाच्या गीताने. तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येक गीताच्या आरंभी व अखेरीस चार ओळी येत : गायक, गीत, संग्रह, कंपनी. ही नाममुद्राच. दिग्दर्शकाचे नाव तिच्यात यावयास १९९२ साल उजाडले. पण आवाज आणि चेहरा एकाच व्यक्तीचा आहे ही गोष्ट त्या चार ओळींनी गृहीत धरली होती, आणि तेथेच पुढे ठेच लागली.

१९९० च्या फेब्रुवारीत मिली व्हॅनिली ह्या जोडीस सर्वोत्कृष्ट नवोदित म्हणून ग्रॅमी पारितोषिक मिळाले. नोव्हेंबरात निर्माते फ्रँक फॅरियन ह्यांनी सांगून टाकले की रॉब पिलाटस आणि फॅब मोर्व्हन ह्या दोघांनी त्या संग्रहात एकही गीत गायिलेले नाही. आवाज दुसऱ्यांचे होते. पारितोषिक परत घेण्यात आले. ज्या कृत्यासाठी एका देशात पारितोषिक काढून घेतले जाते त्याच कृत्यासाठी दुसऱ्या देशात गायक व नट अशी दोन पारितोषिके दिली जातात, हे पाहून आपल्या व्याकरणाची आठवण व्हावी.

त्याहून बोधप्रद प्रकरण मार्था वॉश ह्यांचे आहे. 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी'च्या १९९० सालच्या गीतात आवाज वॉश ह्यांचा होता, दृश्यगीतात ओठ झेल्मा डेव्हिस ह्यांचे हलत होते आणि वॉश ह्यांचे नाव नव्हते. त्या न्यायालयात गेल्या. १९९४ साली तडजोड झाली आणि सोनी कंपनीने एमटीव्हीस अशी विनंती केली की गीताबरोबर गायन वॉश ह्यांचे आणि 'व्हिज्युअलायझेशन' डेव्हिस ह्यांचे, असा खुलासा दाखवावा. हा शब्द कंपनीस ह्या कामापुरता योजावा लागला. कारण इंग्रजीत ह्या भूमिकेस नावच नव्हते. मराठीत ते शोधावे लागत नाही. 'हे गीत मधुबालावर चित्रित झाले आहे' असे आपण सहज म्हणतो. वाक्यरचना पाहावी. कर्ता गीत आहे. क्रियापद कर्मणी आहे, चित्रित करणारा अनुक्त आहे, आणि नटीस 'वर' हे शब्दयोगी अव्यय लागले आहे. शालू अंगावर घालावा तसे गीत तिच्यावर घातले आहे. ती गाते असे ह्या वाक्यात कोणी म्हणत नाही.

येवढे पाहिल्यावर एक मोहक निष्कर्ष काढता येईल : पाश्चात्त्यांस आवाज व देह ह्यांची एकता हवी असते, भारतीयांस तिची गरज नसते. हा निष्कर्ष मी नाकारतो. हॉलिवूडने उसना आवाज वर्षानुवर्षे वापरला. 'द किंग अँड आय' (१९५६), 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) आणि 'माय फेअर लेडी' (१९६४) ह्या तिन्ही चित्रपटांत नायिकांसाठी मार्नी निक्सन गायिल्या आणि पडद्यावर त्यांचे नाव आले नाही. 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) मध्ये उसन्या आवाजाचे बिंग पडदा ओढून फोडले जाते; आणि जी नटी त्यात खरी गायिका म्हणून पुढे येते त्या डेबी रेनल्ड्स ह्यांच्यासाठीच काही ठिकाणी दुसऱ्यांचा आवाज वापरला होता! उलट बाजूने 'कामिनी' ही चकती आपल्याकडचीच. दोन्हीकडे लपवालपवी होती. आपल्याकडे ती दहा वर्षांच्या आत मोडली, कारण गायकांनी नाव मागितले आणि श्रोत्यांनी ते मागण्यास साहाय्य केले. तेव्हा भेद मनोवृत्तीचा नव्हे, नाव लिहिण्याच्या जागेचा आहे.

चित्रपटातून गीत सुटे करून दाखविण्याची प्रथा आपल्याकडे एमटीव्हीपूर्वीची आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि 'छायागीत' व 'चित्रहार' ह्या कार्यक्रमांनी ती प्रथा घरोघर नेली. कथेतून काढलेल्या गीतात पात्र उरत नाही; उरतो नट आणि उरतो आवाज. माझ्या लहानपणी आमच्या घरी गाणे लागताच आई नटीचे नाव सांगे आणि वडील गायिकेचे, आणि दोघांपैकी कोणीही चित्रपटातील पात्राचे नाव सांगितल्याचे मला आठवत नाही. १९९५ साली अलिशा चिनॉय ह्यांच्या 'मेड इन इंडिया'त गायिकेचा स्वतःचा चेहरा आला, आणि चित्रपटबाह्य दृश्यगीतांची लाट काही वर्षे चालली. आपली दृश्यगीते केवळ सुंदर तरुणींमुळे खपतात, ह्या टीकेस उत्तर म्हणून दलेर मेहंदी ह्यांनी १९९८ साली एका गीतात स्वतःखेरीज कोणासही घेतले नाही. पडद्यावर चार दलेर मेहंदी नाचतात. 'मी'चा इतका ठाम उच्चार आपल्या दृश्यगीतात दुसरा नसावा. पण लाट ओसरली आणि गायक पुन्हा पार्श्वभागी गेले.

कायद्याने ह्या प्रश्नाची दखल उशिरा घेतली. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात सादरकर्त्याचा हक्क मुळात नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. परंतु आपले गायन चित्रपटात वापरण्यास एकदा संमती दिली की त्या गायनापुरता तो संपत असे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरापोटी मानधनाचा वाटा दिला, आणि सादरकर्ता म्हणून आपले नाव लागावे अशी मागणी करण्याचा हक्कही दिला. त्या कलमात एक अपवाद आहे : वापराच्या रीतीमुळेच नाव गाळणे भाग पडत असेल तर हा हक्क चालत नाही. हा अपवाद कोठवर ताणला जाईल हे पाहावयाचे आहे, कारण आता वापराची रीतच बदलली आहे. २०२४ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग ह्यांच्या आवाजाची संगणकीय नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. त्याच वर्षीच्या 'लाल सलाम' ह्या तमिळ चित्रपटातील एका गीतात ए. आर. रहमान ह्यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद ह्या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम प्रज्ञेच्या साहाय्याने, त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती घेऊन व मोबदला देऊन, वापरले. गाणाऱ्यांच्या यादीत त्या दोघांची नावे आहेत. त्यांनी ते गीत कधी पाहिले नव्हते. गॉफमन ह्यांच्या विभागणीत त्यांस उच्चारक म्हणता येत नाही, रचयिता म्हणता येत नाही, आणि प्रधान म्हणावे तर बांधिलकी कोणाची, हा प्रश्न उरतो. यादीत मात्र त्यांच्या नावासमोर 'गायक' असेच लिहिले आहे.